सीटखालची वायर

म्हसरूळ, नाशिक
चैत्र वद्य नवमी

प्रिय सुयश,

आशीर्वाद आहेतच. ते लिहिल्याने वाढत नाहीत आणि तू रागावलास म्हणून कमीही होत नाहीत. मागच्या आठवड्यात तृप्तीचा फोन आला होता. बिचारी आधी उन्हाचं बोलली, मग कैऱ्यांचं बोलली, आणि मग हळूच म्हणाली, "आई, हे वर्षश्राद्धाला येणार नाही म्हणताहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मी बोलते अजून." मी म्हटलं, तू काही बोलू नकोस. पण तू नेमकं काय म्हणालास ते मात्र मी तिच्याकडून काढून घेतलं. दोनदा टाळलं तिने, तिसऱ्यांदा सांगितलं. "ज्यांनी हट्टापायी स्वतःच्या हाताने जीव घालवला, त्यांना मी कशाला पाणी देऊ?" असंच म्हणालास ना? सून खोटं सांगणारी नाही, म्हणून विचारत नाही, नुसतं लिहिते.

वैशाख वद्य पंचमीला वर्ष पुरं होतं. तू एकुलता एक. तू आला नाहीस तर रामकुंडावर गुरुजी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून करवतील, तशी सोय असते, पण तुझ्या बाबांना ते पोचेल असं माझं मन मानत नाही. आणि पाण्यापेक्षाही तुझ्या मनात त्यांच्याबद्दल जे बसलंय, ते घेऊन त्यांनी जावं हे मला सोसवत नाही. फोनवर हे होणार नाही. तू "बोल" म्हणशील आणि मी "जेवलास का" विचारीन. म्हणून चार दिवस दुपारची भांडी झाली की देवघरासमोर बसते, लिहिते आणि फाडते. दहावी पास बाईला आजवर किराण्याची यादी आणि जमाखर्च याहून जास्त लिहायला लागलेलं नाही, त्यामुळे मागे-पुढे झालं तर समजून घे.

आधी मशीनचं सांगते. आत्ताचं सगळं तिथूनच निघालं. तुझ्या बाबांचं ते बसून गवत कापायचं मशीन गेलं वर्षभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. ज्यांच्या लग्नाच्या लॉनवर ते गवत कापायचे, त्या लॉन्सवाल्यांनी टेम्पोत घालून आणून टाकलं, ते तसंच. कपडे वाळत घालायची दोरी त्या शेडलगत होती, ती मी तेराव्यानंतर पुढच्या दारी बांधून घेतली, म्हणजे तिकडे जायलाच नको. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मला वाटायचं, ताडपत्रीखाली कोणीतरी भिजतंय. शेजारच्या धोंडाबाई वर्षभर एकच सांगत आल्या, "बाई, माणूस खाल्लेली वस्तू दारात ठेवू नये. वर्षश्राद्धाच्या आत काढ." त्यांनीच गिऱ्हाईक आणलं. पिंपळगाव बसवंतचे खंडेराव म्हणून आहेत, द्राक्षबाग आहे त्यांची. वेलींच्या ओळींमधलं गवत कापायला त्यांना हवं होतं. अट एकच, चालू करून दाखवा.

चालू करायला मी अंबडहून रहेमानभाऊंना बोलावलं. तुझ्या बाबांबरोबर कंपनीत एकाच शॉपमध्ये एकवीस वर्षं काढली त्यांनी, त्यांच्याइतकं हक्काचं दुसरं कोण आहे आपल्याला? स्वतःच्या टेम्पोची बॅटरी काढून घेऊन आले, कारण मशीनची तर केव्हाच मेली होती. ताडपत्री काढली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. सीटवर मी शिवून दिलेली गोधडीची गादी होती ना, तिच्यावर तुझ्या बाबांच्या बसण्याचा खळगा अजून तसाच होता. वर्षभर कोणी न बसता खळगा राहतो कसा, मला कळलं नाही.

किल्ली फिरवली की इंजिन फिरायचं, घर्र घर्र घर्र, पण पेटायचं नाही. रहेमानभाऊ म्हणाले, "बॅटरी जिवंत, स्टार्टर जिवंत, म्हणजे नवाबसाहेबांना उठायचंच नाहीये." पहिल्या दिवशी त्यांनी टाकीतलं पेट्रोल काढलं. वर्षभरात त्याला शिळ्या रंगाच्या डब्यासारखा वास सुटला होता. ताजं भरलं. मग हवेची जाळी उघडली तर आत उंदराचं घरटं, माझ्याच गादीतला कापूस ओढून नेऊन केलेलं. "वहिनी, बाळंतपण करून गेली ही, आणि भाडं एक पैसा दिलं नाही," म्हणाले. मला हसू आलं. त्या शेडमध्ये हसले म्हणून लगेच स्वतःचीच लाज वाटली. सगळं साफ करून परत किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र. नाही पेटलं.

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर खोलला. त्याची बारीक बारीक भोकं तारेने साफ केली, पेट्रोल येतंय की नाही ते वाटीत धरून पाहिलं. येत होतं. मग प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवून धरला आणि मला म्हणाले, "वहिनी, किल्ली फिरवा. मी ओरडलो तर सोडा." मी बाजूला उभी राहूनच हात लांब करून फिरवली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी एक कॉइल घेऊन आले, कालपर्यंत दुसऱ्या मशीनवर चांगली चालणारी. ती लावली, तरी नाही. डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. "इतकी वर्षं इंजिनं उघडली, असा अडेलपणा नाही पाहिला. मालकावर गेलंय."

सुयश, ते तीन दिवस माझे कसे गेले सांगते. मी घरात देवासमोर माळ घेऊन बसायची आणि मागून तो आवाज यायचा. इंजिन फिरतंय, फिरतंय, आता पेटेल असं वाटतंय, आणि थांबतंय. कोणीतरी काहीतरी सांगायला तोंड उघडतंय आणि शब्द फुटत नाहीये, असं मला वाटायचं. माझ्या हातून मणी पुढे सरकायचे नाहीत. एकदा तर मी "बोला हो एकदाचं" असं मोठ्याने म्हणाले आणि मग ऐकलं कोणी की काय म्हणून खिडकीतून पाहिलं. रहेमानभाऊ खाली वाकलेले होते, त्यांच्या अंगात तुझ्या बाबांचाच जुना कंपनीचा निळा शर्ट होता. त्यांचे कपडे तेलात मळतील म्हणून मीच काढून दिला होता. पाठमोरे तसे दिसले आणि माझ्या हातातली माळ पडली.

आणि खरी गोष्ट अशी की दोष कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तीन दिवस त्या माणसाला चहा देत राहिले, तो चुकीच्या जागा शोधत राहिला, आणि मी बोलले नाही. मला ती सीट उचललेली नको होती.

अपघाताच्या दिवशी तू चाकणहून बारापर्यंत पोचलास. तुझ्या बाबांना सिव्हिलमध्ये नेलेलं होतं, आणि नेऊन काही उपयोग नव्हता हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. तू आधी लॉन्सवर आलास, कारण मी तिथेच होते, मला कोणी हलवू शकलं नव्हतं. मशीन उताराच्या खाली कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभं होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून गवतात होती. मंडपवाल्याची बांधायची तार गवतात अडकलेली दिसली, म्हणून ते खाली उतरून, पुढे जाऊन, वाकून ती ओढत होते, असं माळ्याने सांगितलं. मशीन मागे चालूच होतं. ते उतारावरून त्यांच्या अंगावर आलं आणि भिंतीपर्यंत घेऊन गेलं. माणूस सीटवरून उतरला की इंजिन बंद पडावं म्हणून सीटखाली स्विच असतो, ते बंद पडलं असतं तर गिअरमध्ये जागच्या जागी अडकलं असतं, हे तूच मला नंतर सांगितलंस.  तू सरळ मशीनकडे गेलास, सीट उचललीस, आणि खाली स्विचला बगल देऊन जोडलेली ती वायर पाहिलीस. मग ती मुठीत धरून हिसडा मारून तोडलीस. रहेमानभाऊ होते, लॉन्सचे मॅनेजर होते, माळी होता. सगळ्यांसमोर तू म्हणालास, "आईने काढायला लावली होती ही. ह्यांनी परत जोडली. फिटर होते ना, अक्कल जास्त."

मी तिथे उभी होते. पाच पावलांवर.

आता परत मशीनच्या दुरुस्तीवर येते. तिसऱ्या दिवशी दुपारी रहेमानभाऊंनी इंजिनकडे जाणारी एक बारीक वायर सोडवली आणि लगेच ठिणगी पडली. ते उठून बसले. म्हणाले, "कॉइल चांगली आहे वहिनी, पहिलीसुद्धा चांगलीच होती. कुणीतरी ह्याला सारखं सांगतंय, बंद राहा, बंद राहा." मग ती वायर बोटांनी चाचपत चाचपत मागे गेले, आणि त्या दिवसापासून तेही टाळत आलेली ती सीट शेवटी उचलली. खाली तू तोडलेली दोन टोकं लोंबत होती, आणि स्विचचं मूळ सॉकेट तसंच सुटलेलं. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग मला हाक मारली. मला वाटलं, आता खूष होऊन सांगतील. पण त्यांचा आवाज उतरला होता. "वहिनी, इकडे या जरा. ही टेप बघा. वर धूळ बसलीय, खाली तांबं अजून चकचकीत आहे. ही एकदाच लावलेली आहे. कोणी काढून परत जोडली असती तर तार दोनदा पिळलेली दिसते, टेपचा चिकटा दोन जागी राहतो. ही सुयशने दिवाळीत लावली तीच. मधे कोणी हात लावलेला नाही."

 त्यांनी मला काही विचारलं नाही. एकवीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, त्याला न विचारताही बेरीज करता येते. थोड्या वेळाने पाना पुसता पुसता म्हणाले, "मी पण भाऊला मनातल्या मनात शिव्या घातल्या, वहिनी. मय्यत उचलली तेव्हासुद्धा. इतका हुशार फिटर, कधी बोटाला चीर नाही, आणि पोराने काढायला लावलेली वायर परत जोडतो म्हणून. कंपनीत सगळे असंच बोलतात अजून." एवढं बोलून ते परत खाली वाकले. सॉकेट पुसलं, स्विचला लावलं.

मग म्हणाले, "आता बसा." मला कळेना. म्हणाले, "मला इकडे चोकवर हात ठेवायचाय, आणि सीटवर वजन असल्याशिवाय हे पेटणार नाही. बसा वहिनी, काही होत नाही." तुला माहीत आहे, मशीन घेतल्यापासून चार वर्षांत मी त्याच्यावर एकदाही बसले नव्हते. तुझे बाबा चेष्टेने म्हणायचे, "बस की, तुला पंचवटीत भाजी आणायला नेतो." मी पदर खोचला आणि त्या खळग्यात बसले. किल्ली फिरवली. दोन वेळा घर्र केलं आणि पेटलं. असं धडधडून पेटलं की माझ्या दातांपर्यंत ते आलं. गवताचा वास आला, वर्षापूर्वी कापलेल्या गवताचा, खालच्या पत्र्यात चिकटून राहिलेला. रहेमानभाऊ ओरडले, "आता उठा." मी उठले, आणि ते बंद पडलं.

परत बसले, परत चालू. परत उठले, परत बंद. ते म्हणाले, "बास वहिनी, स्विच चांगला आहे." मी तरी आणखी एकदा बसले आणि आणखी एकदा उठले. एवढंच होतं, सुयश. माणूस उठला की थांबायचं. इतकी साधी गोष्ट करायला ते तयार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव आले. पांढरी टोपी, मोठा आवाज, माणूस वाईट नाही. इंजिन ऐकलं, चाकं दाबून पाहिली, खूष झाले. मग स्वतः बसून दोन फेऱ्या मारल्या, उतरले, आणि ते बंद पडलं. म्हणाले, "मावशी, एवढं ते सीटचं बायपास करून द्या बरं. आमचा माणूस छाटलेल्या काड्या उचलायला सारखा उतरतो. दरवेळी कोण किल्ली फिरवत बसेल?" रहेमानभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलले. कशी बोलले माहीत नाही. मी म्हणाले, "दादा, आमचंही असंच जोडलेलं होतं. माझे मालक उतरले आणि ते चालूच राहिलं. मुलाने काढायला सांगितलं होतं. त्यांना सांग म्हणाला होता. मी सांगितलं नाही, आणि मुलाला मात्र काढली म्हणून सांगितलं." खंडेरावांनी टोपी काढून हातात धरली.  मग ते म्हणाले, "पाणी द्या मावशी," आणि पाणी पिऊन म्हणाले, "आहे तसंच द्या. आमचा पोरगाही बसणारे त्याच्यावर." श्राद्ध झाल्यावर टेम्पो घेऊन येणार आहेत.

तर हे आता तुला कळलं. एका परक्या माणसाला तुझ्या आधी कळलं, याचीही लाज वाटते. पण आता अर्धवट ठेवत नाही.

दिवाळीत वायर जोडायला तुला त्यांनीच लावलं, ही चूक त्यांची. ती मी झाकणार नाही. लग्न झालं की लॉनवर काय काय पडलेलं असायचं, तू पाहिलंयस. चमचे, बाटल्यांची बुचं, नारळाच्या करवंट्या, बायकांच्या केसांचे आकडे. पात्याखाली जाऊ नये म्हणून एका लॉनला तीस-चाळीस वेळा उतरायचे, दरवेळी इंजिन बंद, दरवेळी किल्ली, आणि बॅटरी जुनी. नवी बॅटरी ते दोन वर्षं मागत होते. दोन्ही वर्षं मीच म्हणाले, यंदा नको. म्हणून ती वायर. मग फाल्गुनात तुमच्या कंपनीत कोणीतरी मशीनचं झाकण काढून काम करत होता आणि त्याची बोटं गेली, त्या दिवशी तू मला फोन केलास. "आई, बाबांना सांग ती वायर काढून टाका. मी सांगितलं तर मला शिकवतोस का म्हणतील, तुझं ऐकतात." मी हो म्हणाले. सांगितलं नाही. लग्नसराई तोंडावर होती, वायर काढली की बॅटरीचा विषय परत निघणार, म्हटलं हंगाम होऊन जाऊ दे, मग सांगू. मग वैशाखात मी पोथीच्या पारायणाला बसले. सात दिवस. आसनावर बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, हे तुला माझ्याकडे लहानपणापासून पाहून माहीत आहे. पाचव्या दिवशी अध्याय अर्धा झाला होता आणि तुझा फोन वाजला. परगावी मुलगा, न उचलून कसं चालेल. तू विचारलंस, "आई, काढली का वायर?" बोट ओळीवर धरलेलं होतं, ओळ चुकेल या भीतीने मी म्हणाले, "हो रे, काढली," आणि फोन ठेवला. सुयश, मी देवासमोर बसून, पोथी उघडी ठेवून खोटं बोलले, आणि मला त्या क्षणी वाटलं की मी नियम पाळला.

त्याच संध्याकाळी सांगणार होते. ते उन्हातून आले, ताक प्यायले, झोपले. दुसऱ्या दिवशी दोन लॉन होते. सातव्या दिवशी पोथी पूर्ण झाली, नैवेद्य झाला, अकरा माणसं जेवली, तुझ्या बाबांनी स्वतः पंगतीत पुरणपोळ्या वाढल्या. मला वाटलं, आता सगळं नीट आहे. त्यानंतर चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी पंचमी. त्यांना ते कळलंच नाही रे. "सुयश म्हणतोय, काढा" एवढं कोणी त्यांना म्हणालंच नाही. त्यांनी हट्ट केला नाही, कारण हट्ट करायला समोर काही ठेवलंच नव्हतं. आणि तू जोडलीस म्हणून आतून स्वतःला खात असशील, रागाच्या खाली तेही आहे, मी आई आहे, मला दिसतं. तर ऐक. काढायलाही तूच सांगितलंस, वेळेवर सांगितलंस, परत आठवणीने विचारलंसही. मधे मी होते. त्या दिवशी तू वायर तोडून त्यांना बोललास तेव्हाही मधे मीच होते, आणि गप्प राहिले. नंतर वर्षभर दर आठवड्याला तू फोनवर "बाबांचा हट्ट" म्हणायचास आणि मी "जाऊ दे आता" म्हणायची. त्या पोथीला मी अजून हात लावलेला नाही. फडक्यात बांधून फडताळाच्या वरच्या खणात आहे. रोज दिवा लावते, पण देवाकडे काही मागत नाही. मागायला तोंड नाही.

मला माफ कर असं सांगायला हे लिहिलेलं नाही. ते मागितलं तर हे पत्रही माझ्याचसाठी होईल. लिहिलं ते एवढ्यासाठीच की पंचमीला तू यावंस आणि स्वच्छ मनाने तुझ्या बाबांना पाणी द्यावंस. गुरुजींना सकाळी सातची वेळ सांगितली आहे, रामकुंडावर, नेहमीच्या पायऱ्यांशी. मला पाहून तुझं मन ढवळेल, म्हणून मी तिथे येणार नाही. घरी यायचीही सक्ती नाही. रहेमानभाऊ कुंडावर तुझ्याबरोबर उभे राहतील. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी तर राहणारच, मला पण भाऊची माफी मागायचीय." सुयश, बाबांवरचा सगळा राग तिथून उचल आणि माझ्यावर ठेव, तो माझाच आहे. पाणी सोडताना "बाबा, मला कळलं" एवढं मनात म्हण. माझं काय करायचं ते त्यानंतर सावकाश ठरव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
आई